डोंगा पाण्यापर्यंत नेणार कोणती गाडी? पिकअप, जीप, बंडी की बागेतला मिनी ट्रॅक्टर

शेंदूरजनाघाट (ता. वरूड) : १४ सप्टेंबर २०२१ चा तो मंगळवार तालुका विसरलेला नाही. गणपती बसून चार दिवस झाले होते. वरूड तालुक्यातल्या श्रीक्षेत्र झुंज इथं वर्धा नदीत होडी उलटली अन् ११ जणांचा जीव गेला. घरातल्या मयतीनंतरच्या विधीसाठी आलेली ती नात्यातली माणसं होती. पहिल्या दिवशी तीन मृतदेह हाती लागले. बाकीच्यांचा शोध पुढंही चालू राहिला. शोधासाठी पथकं बाहेरून आली.

त्या घटनेनंतर एका गोष्टीवर पुष्कळ बोलणं झालं. लहान होडीत दहाच्या वर माणसं बसवू नयेत, अंगात लाइफ जॅकेट असावं, पाण्याला ओढ असताना होडी सोडूच नये. हे सगळं खरं अन् ते पहिल्यांदा पाळायचं. दुसरी गोष्ट मात्र चर्चेत फारशी आली नाही. माणूस पाण्यात अडकल्यावर दुसरी होडी त्या काठापर्यंत पोचणार कशी अन् कोणत्या गाडीनं?

शेंदूरजनाघाटपासून अमरावतीचं जिल्हा मुख्यालय शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या २०१६ मध्ये उभ्या राहिल्या त्या नागपूर अन् धुळ्याला. पथक फोन आल्याबरोबर निघालं तरी पावसातल्या रस्त्यानं दोन-अडीच तास जातातच. पाण्यात झाडाला धरून बसलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिली होडी दहा-पंधरा किलोमीटरच्या आतूनच यायला पायजे. मच्छीमार संस्थेची असो, नगर परिषदेची असो की एखाद्या मंडळानं घेतलेली रबरी बोट असो. होडी गावात आहे, पण ती न्यायला गाडी नाही, अशी पाळी येऊ नये यासाठी हा सगळा हिशेब.

आधी वजन समजून घ्या

आपल्याकडं होड्या साधारण तीन प्रकारच्या दिसतात. पहिला मच्छीमारांचा लहान डोंगा. तो दोन-चार माणसं उचलून नेऊ शकतात. दुसरी हवा भरायची रबरी बोट. खालच्या फळ्यांसकट तिचं वजन शंभर किलोच्या अलीकडं-पलीकडं असते, पण घडी करून ती पोत्यासारखी ठेवता येते. तिसरी फायबरची होडी. चौदा ते सोळा फुटांची असली तर नुसती होडीच दोनशे ते तीनशे किलो भरते.

त्यावर मशीन चढते. २५ ते ४० अश्वशक्तीचं मागं लावायचं इंजिन पन्नास ते ऐंशी किलोचं असते. पेट्रोलची टाकी, दोर, नांगर, जॅकेटं धरली तर आणखी पन्नास किलो. फायबरची होडी ट्रॉलीवर ठेवून ओढायची म्हटलं तर ट्रॉलीचं वजनही आलंच. सगळं मिळून साडेसहाशे-सातशे किलो होते.

संत्र्याच्या भाषेत सांगायचं तर हे फार वजन नव्हे. वीस-बावीस किलोचे तीस-बत्तीस कॅरेट झाले. एवढा माल तालुक्यातली कोणतीही मालगाडी रोज नेते. म्हणूनच लोकं म्हणतात, होडी न्यायला काय लागते, कोणतीही गाडी लावा. फसगत इथंच होते.

रस्ता वेगळा, काठ वेगळा

डांबरी रस्त्यावर सातशे किलो ओढणं सोपं आहे. पण होडी रस्त्यावर सोडायची नसते. रस्ता संपला की पांदण लागते, पांदण संपली की कुणाचं तरी वावर, मग धुरा अन् शेवटी नदीचा उतार. पावसाळ्यात काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटते, तशीच ती टायरच्या खाचेत भरते. मग टायर नक्षीचं राहत नाही, गुळगुळीत होऊन जाते.

म्हणून होडीसाठी गाडी निवडताना रस्त्याचे दहा किलोमीटर पाहून भागत नाही. शेवटचे शंभर फूट पाहावे लागतात. त्यातही भरल्या गाडीनं खाली उतरणं हा अर्धाच भाग. तीच गाडी ट्रॉली घेऊन वर आली पायजे. ती खालीच फसली तर पुढची गाडी अन् पुढचं पथक तिच्या मागं अडकते.

ताकद कमी पडत नाही, पकड कमी पडते

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. होडी उतरवायचा चांगला उतार म्हणजे सात-आठ फुटांना एक फूट. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येण्यापुरते पुरेसे आहेत.

रिकामी पिकअप सतराशे किलोची धरा. तिची मागची चाकं गाडी ढकलतात अन् रिकाम्या गाडीत त्या चाकांवर सातशे किलोच्या जवळपासच वजन असते. ओल्या चिकणमातीवर साधं टायर आपल्यावरच्या वजनाच्या पावपट जोर लावू शकते. म्हणजे जोर मिळाला पावणेदोनशे किलोचा. अन् आठाला एक अशा उतारावर सतराशे किलोची गाडी नुसती वर चढायलाच दोनशे किलोच्या वर जोर मागते. ट्रॉली मागं नसतानाही ती चाकं फिरवत जागीच राहील. इंजिन पन्नास अश्वशक्तीचं असो की सत्तरचं, फरक पडत नाही.

आता बागेतला मिनी ट्रॅक्टर घ्या. वजन नऊशे किलो, इंजिन चोवीस अश्वशक्तीच्या आसपास, चारही चाकांना जोर देणारा. सगळं नऊशे किलो वजन जोर लावणाऱ्या चाकांवर आहे अन् टायरला बोटभर खोल नक्षी. चिखलात त्याला वजनाच्या निम्म्यापर्यंत पकड मिळते. म्हणजे साडेचारशे किलो. त्यातून स्वतः चढायला सव्वाशेच्या आत, साडेसहाशे किलोची ट्रॉली चढवायला ऐंशी-पंच्याऐंशी अन् चिखलाच्या ओढीला दीडशे धरा. बेरीज साडेतीनशेच्या आसपास जाते. शंभर किलोचा जोर हातात उरतो.

अर्ध्या ताकदीचा मिनी ट्रॅक्टर जिथून होडी काढतो, तिथं पिकअप फसते, त्याचं कारण हेच. होडी ओढायला ट्रॅक्टर ही गोष्ट ऐकायला अजब वाटते. पण शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागांत अन् कलमांच्या रोपवाटिकांत हे लहान ट्रॅक्टर आता गल्लोगल्ली झाले आहेत. झाडांच्या ओळीतून फिरायला घेतलेली ही गाडी नदीच्या काठावरही तेवढीच कामाची आहे.

कोणती गाडी कुठं चालेल?

छोटा हत्ती : घडी केलेली रबरी बोट, मशीन, जॅकेटं अन् चार माणसांचं सामान यात आरामात बसते. लांबच्या रस्त्याला वेग मिळतो. पण हौद सात फुटांच्या आसपास अन् चाकं लहान. याला डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यापुरतंच ठेवा, वावरात घालू नका.

मोठी पिकअप : रबरी बोट हवा भरूनही नेता येते, लहान डोंगाही बसतो. चौदा-सोळा फुटांची होडी मात्र हौदाबाहेर पाच-सहा फूट निघते. बाहेर निघालेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१ए) खाली वीस हजार रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवला तरी रात्री, पावसात, लाल दिव्याशिवाय बाहेर आलेलं होडीचं टोक मागच्या मोटरसायकलवाल्याच्या छातीला लागू शकते. एक जीव वाचवायला निघायचं अन् वाटेत दुसरा घ्यायचा, असं होऊ नये. पिकअपनं काठाजवळ जावंच लागलं तर मागच्या चाकांवर वजन असू द्या. हौदात पाण्याच्या टाक्या किंवा रेतीची पोती असली तर पकड वाढते.

घरची कार : आताच्या बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाकं जोर लावतात. मागं ट्रॉली अडकवली की मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात अन् ओल्या उतारावर जागच्या जागी फिरतात. होडीसाठी कार हे सर्वात कच्चं साधन.

फोर-व्हील जीप : चिखलातही चालते अन् रस्त्यावर वेगही धरते. गावात अशी चालू स्थितीतली जीप असली तर ती पहिल्या यादीत घ्या. फक्त फोर-व्हीलचा दांडा खरंच लागतो का, ते आधी तपासा. वर्षानुवर्षं न वापरलेला दांडा ऐन वेळी जाम निघतो.

मोठा ट्रॅक्टर : ४०-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ताकदीनं पुरून उरतो. पण दोन टनांच्या घरातलं वजन घेऊन तो भिजलेल्या काठावर रुततो. बहुतेकांत मागचीच दोन चाकं ओढतात. अन् संत्र्याच्या दोन ओळींतून किंवा अरुंद पांदणीतून त्याला वळायला जागा नसते. काठ खडकाळ किंवा मुरमाचा असला तर मोठा ट्रॅक्टर चांगला, चिखलाचा असला तर लहान चांगला.

जेसीबी : खोल दरडीवरून पट्ट्यानं बांधून होडी खाली सोडायला याच्यासारखं साधन नाही. पण तो हळू येतो अन् काठाच्या मातीवर त्याचा भार फार पडतो. पुरानं खालून पोखरलेली दरड त्याच्यासकट बसू शकते. बकेटमध्ये माणूस बसवून पाण्यावर नेणं तर कुणीच करू नये.

बंडी : हसू नका राजेहो. मोठं चाक, हलकं वजन अन् चिखलात बसणारे आठ खूर. जिथं मशीन फसते तिथून बंडी निघते. लहान डोंगा बंडीवर आडवा-उभा बांधून नेता येतो. अडचण एवढीच की बैलजोड्या कमी झाल्या अन् गर्दी, आरडाओरडा, मशीनचा आवाज यानं बैल बुजतात. जोडी पाण्याला सरावलेली असली तरच तो मार्ग.

इंग्रजांच्या मुलखातही शेवटी ट्रॅक्टरच

बैल गेले अन् ट्रॅक्टर आला ही गोष्ट फक्त वऱ्हाडाची नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवरक्षक होड्या पूर्वी घोडे ओढत. १२ जानेवारी १८९९ ला लिनमथ नावाच्या लहान गावाजवळच्या समुद्रात एक जहाज वादळात सापडलं. गावच्या काठावरून होडी सोडणं लाटांमुळं शक्य नव्हतं. तेव्हा गावकऱ्यांनी 'लुईझा' नावाची आपली होडी गाड्यावर चढवली अन् डोंगर चढून तेरा मैलांवरच्या पॉरलॉक वेअर बंदरावर रात्रभरात ओढत नेली. अठरा-वीस घोडे अन् शंभरेक माणसं लागली. पहाटे होडी पाण्यात गेली अन् जहाजावरची सगळी माणसं वाचली.

या गोष्टीत आपल्या कामाचं एक आहे. त्या लोकांनी काही माणसं कुदळ-फावडी घेऊन होडीच्या आधी पुढं पाठवली होती. रस्ता अरुंद होता तिथं त्यांनी कडा खोदल्या, भिंत पाडली. जिथं गाडा जाईना तिथं होडी खाली उतरवून फळ्यांवरून सरकवली. गाडी कितीही चांगली असो, वाट आधी पाहिलेली पायजे.

पहिल्या महायुद्धानंतर तिथं घोडे मिळेनासे झाले. मग १९२० मध्ये हन्स्टन्टन इथं ट्रॅक्टरनं होडी ओढून पाहिली गेली अन् हळूहळू किनाऱ्यावर ट्रॅक्टरच रुजला. आजही तिथं होड्या पाण्यात सोडायला खास बांधणीचे ट्रॅक्टर आहेत.

आपल्याच देशातलं उदाहरण ऑगस्ट २०१८ चं. केरळात महापूर आला तेव्हा मच्छीमारांनी समुद्रातल्या सहाशेच्या वर होड्या ट्रकांवर चढवून आतल्या बुडालेल्या गावांत नेल्या अन् हजारो माणसं काढली. तिथं होड्या होत्या, चालवणारे होते अन् ट्रकही वेळेवर मिळाले. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ते झालं.

टोचन कुठं अन् कसं लावायचं

ट्रॅक्टर मुळातच ओढायला बनलेला आहे, हा त्याचा दुसरा फायदा. ट्रॉली जोडायचा दांडा मागं खाली असतो, पिन असते, वेगळं काही वेल्डिंग करावं लागत नाही. पिकअप किंवा जीपला मागून हूक बसवायचा तर गाडीच्या मूळ रचनेत बदल होतो अन् त्यावर कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. आधी परिवहन कार्यालयात विचारूनच ते करावं. बंपरला दोर बांधून ट्रॉली ओढणं तर सरळ अपघाताला बोलावणं आहे.

ट्रॅक्टरला जोडतानाही एक चूक नेहमी दिसते. होडी वर उचलली राहावी म्हणून काही जण दोर किंवा साखळी वरच्या टॉप लिंकला बांधतात. ओढ वरून बसली अन् चढ लागला की ट्रॅक्टरचं तोंड उचलते अन् तो मागं पलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरच असू द्या.

ट्रॉलीवर होडी कुठं ठेवायची हेही महत्त्वाचं. मशीन होडीच्या मागच्या टोकाला असते, त्यामुळं वजन मागं झुकते. मागं वजन जास्त झालं की ट्रॉलीचं तोंड हूक वर उचलते अन् रस्त्यावर ट्रॉली सापासारखी हलायला लागते. एकूण वजनाच्या दहावा भाग हूकावर असावा. सातशे किलोला सत्तर किलो. संत्रा मोजायचा काटा ट्रॉलीच्या तोंडाखाली ठेवला की लगेच कळते. कमी आलं तर होडी थोडी पुढं सरकवा, फार जास्त आलं तर मागं. एकदा जागा ठरली की रंगानं खूण करून ठेवा, म्हणजे रात्री मोजत बसावं लागत नाही.

दोन चाकांची ट्रॉली रिव्हर्स घ्यायला सोपी. पुढचा आस वळणारी चार चाकांची ट्रॉली मागं घेताना दोन ठिकाणी मोडते, सरावाच्या चालकालाही ती उतारावर सरळ लावता येत नाही. होडीसाठी दोन चाकांचीच धरा. बांधायला सुती दोर नको. दोन रुंद पट्टे अन् पुढच्या टोकाला एक, असे तीन ठिकाणी बांधा.

पाण्यात उतरवताना

ट्रॅक्टरला डाव्या अन् उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. वावरात वळायला ते सोयीचे. पण रस्त्यावर अन् उतारावर दोन्ही पेडल एकमेकांना अडकवलेली पायजेत. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर फिरतो अन् उतारावर आडवा होतो. शेतातून थेट निघालेल्या ट्रॅक्टरची ही कडी बहुतेक वेळा सुटीच असते. निघण्याआधी ती पाहणं हे पहिलं काम.

उतारावर सरळ उतरा, तिरकं नाही. खालच्या गिअरमध्ये ठेवा, क्लच दाबून गडगडत जाऊ देऊ नका. थांबल्यावर नुसत्या हँडब्रेकवर विश्वास ठेवू नका, चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावायला एक माणूस बाजूला तयार ठेवा. बाजूला म्हणजे बाजूलाच. ट्रॅक्टर अन् ट्रॉलीच्या मधी किंवा ट्रॉलीच्या मागं कुणी उभं राहू नये.

ट्रॅक्टर पाण्यात घालायची गरज नसते. मागच्या चाकाचा मधला भाग पाण्यात गेला की ब्रेकमध्ये अन् ऑइलमध्ये पाणी शिरायला लागते. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं की समजावं पाणी गेलं, अन् मग हजारोंचं काम निघते. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. काठावर सपाट जागी ट्रॅक्टर उभा करा, ट्रॉली पिनमधून काढा, मधी पंचवीस-तीस फुटांचा मजबूत दोर जोडा अन् माणसांनी तोंड सावरत ट्रॉली हळूहळू पाण्यात सोडा. ट्रॉली पाण्यात, ट्रॅक्टर कोरड्यात. वर घेतानाही तसंच. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुटला तर चाबकासारखा बसतो.

दहा-बारा किलोमीटर पळून आलेल्या ट्रॉलीची बेअरिंग तापलेली असतात. तशीच गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते अन् पाणी आत ओढलं जाते. जीव वाचवायच्या घाईत थांबायला वेळ नसतो, ते बरोबर आहे. पण काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी जुनं ग्रीस काढून नवं भरा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात चाक रस्त्यातच बसेल.

अन् धरणाच्या भिंतीवरच्या दगडी पिचिंगवरून होडी कधी सोडू नका. दगड शेवाळलेले असतात, उतार उभा असतो. पाटबंधारे विभागाची परवानगी घेऊन तलावाच्या मागच्या बाजूची मुरमाची जागा आधीच ठरवून ठेवा. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला असलेल्या अप्पर वर्धा धरणाला १३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या नदीचा काठ तासाभरात बदलतो. सकाळी पाहिलेली उतरायची जागा संध्याकाळी पाण्याखाली असू शकते.

कागदपत्रांचं काय?

ट्रॉलीलाही नोंदणी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणं ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागंही दिसला पायजे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून होडीसाठी ट्रॉली बनवून घेतली अन् नोंदणी केली नाही, तर अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडकतो. ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का, हे आजच पाहा. मागं लाल दिवे अन् रिफ्लेक्टर लावा. पाण्यात उतरवण्याआधी दिव्याची वायर काढून घ्या.

अन् ट्रॉलीत होडीबरोबर माणसं बसवू नका. बचावाला जाणारी पोरं उत्साहात होडीतच चढून बसतात. ती दुसऱ्या गाडीनं येऊ द्या.

मग ठरवायचं कसं?

सगळ्याचं सार असं. काठ पंधरा किलोमीटरच्या आत असला तर फायबरची होडी ट्रॉलीवर अन् पुढं मिनी ट्रॅक्टर, घरापासून पाण्यापर्यंत एकच गाडी. त्याचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. बारा किलोमीटरला अर्धा तास लागतो, तरी तो बाहेरच्या पथकाच्या दीड-दोन तास आधी पोचतो. काठ त्याहून लांब असला तर रबरी बोट घडी करून पिकअपमध्ये टाका, रस्ता असेल तिथपर्यंत पळवा अन् त्या गावातला ट्रॅक्टर पांदणीच्या तोंडाशी बोलावून ठेवा. रस्त्याला पिकअप, काठाला ट्रॅक्टर. दोन्ही ठिकाणी एकच गाडी चालवायचा हट्ट धरला की अडते.

पण नुसतं ठरवून होत नाही. जुलै ते सप्टेंबरात मिनी ट्रॅक्टर मोकळा उभा नसतो. त्याच्या मागं फवारणीचा पंप जोडलेला असतो, पीटीओचा दांडा लागलेला असतो, टाकीत औषध भरलेलं असते. रात्री बारा वाजता फोन आला तर हे सगळं काढून ट्रॉली लावायला किती मिनिटं लागतात? ज्याचा ट्रॅक्टर आहे त्यानं एकदा घड्याळ लावून पाहावं. वीस मिनिटं लागत असतील तर ती सात-आठ किलोमीटर घरी बसून गमावल्यासारखीच झाली. डिझेल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ न देणं, पिन अन् दोर ट्रॉलीलाच बांधून ठेवणं, चावी कुठं आहे हे घरातल्या दोघांना माहीत असणं, एवढ्या साध्या गोष्टींनी दहा मिनिटं वाचतात.

गावानं पावसाळ्याआधी करायची कामं चार. नदी-तलावाच्या कोणत्या जागी होडी उतरते ते पायी फिरून पाहायचं अन् तिथल्या वावराच्या मालकाशी आधीच बोलून ठेवायचं. काठाजवळच्या दोन-दोन ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर अन् तलाठ्याकडं लिहून ठेवायचे, एक बाहेरगावी असला तर दुसरा असावा. होडी ट्रॉलीवर चढवून, खरोखर त्या काठावर नेऊन, पाण्यात सोडून अन् परत वर काढून पाहायची. ही तालीम उन्हाळ्यात कोरड्या मातीवर नको, पहिल्या दोन पावसांनंतर करायची. चौथं म्हणजे होडी निघण्याआधी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ किंवा ११२ या नंबरवर कळवायचं. गावची होडी ही पथक येईपर्यंतची मदत आहे, पथकाऐवजी नाही. पोहता येणारा, जॅकेट घातलेला अन् पाणी ओळखणारा माणूस नसला तर होडी ट्रॉलीवरच राहू द्यावी.

गणपती विसर्जनाला तालुक्यातल्या प्रत्येक घाटावर गर्दी होते. त्या दिवशी होडी कोणत्या घाटावर राहील अन् तिच्यापुढं कुणाचा ट्रॅक्टर जुंपलेला असेल, हे मंडळांच्या बैठकीतच ठरलेलं असावं. सांगणारं नाव एक असावं अन् त्या ट्रॅक्टरला त्या दिवशी फवारणीची सुट्टी असावी.